मक्यातली बुरशी मोबाईलच्या कॅमेऱ्यात कशी पकडायची

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये ऐन काढणीला पाऊस लागला आणि आमच्या गटाचा मका दोन लॉटमध्ये गेला. पहिला लॉट पिवळाधमक, बघून कुणीही हात घालावा असा. दुसरा काळपट, डागी, आम्हालाच लाज वाटत होती पाठवायची. पशुखाद्याच्या कारखान्यातून फोन आला की पिवळाधमक लॉट अफलाटॉक्सिनमध्ये, म्हणजे बुरशीने तयार केलेल्या विषाच्या तपासणीत, नापास, गाडी परत घेऊन जा, आणि डागी लॉट पास. भाडं दोन्ही बाजूंचं आमच्याच अंगावर. तेव्हापासून मी हा उद्योग करतोय, पेटीत मका ठेवून फोटो काढायचा, आणि आता तालुक्यातली चार-पाच जण विचारायला लागली म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नाही तर पुढचं सगळं उलटं पडेल. फोटोत विष दिसत नाही. कुठल्याच मोबाईलमध्ये दिसत नाही, कुणी ॲप दाखवून सांगितलं तरी. फोटोत दिसते ती बुरशीची खूण, आणि त्या खुणेवरून ठरवायचं की कुठला लॉट आधी तपासणीला पाठवायचा, कुठला बाजूला काढायचा. तपासणीचे पैसे प्रत्येक ट्रॉलीला कोण भरणार, म्हणून ही चाळण. बस, एवढंच काम आहे याचं, पण तेवढं झालं तरी खूप पैसे वाचतात.

डोळ्यांनी का फसतो आपण

मक्यावर येणाऱ्या सगळ्या बुरश्या सारख्या नसतात. काळी भुकटी दिसली की आपण घाबरतो, पण ती बऱ्याचदा ॲस्परजिलस नायजर असते, तिच्यामुळे दाण्याचा दर्जा जातो पण अफलाटॉक्सिन ती करत नाही. पांढरी-गुलाबी बुरशी आणि दाण्याच्या टोकाकडून निघालेल्या पांढऱ्या रेषा, चांदणी फुटल्यासारख्या, या फ्युजॅरियमच्या, तिचं विष वेगळं, फ्युमोनिसिन. कोंबाच्या जागी निळसर-हिरवा ठिपका असेल तर पेनिसिलियम, म्हणजे ओला माल साठवला. आणि आपली खरी वैरीण ॲस्परजिलस फ्लेव्हस, पोपटी-शेवाळी रंगाची, कणसाच्या शेंड्याकडे किंवा अळीने खाल्लेल्या जागी. कणसावर ती ओळखू येते. पण मळणी झाली, दाणे एकमेकांवर घासले, भुकटी उडून गेली की वरून दाणा स्वच्छ दिसतो आणि बुरशी आत कोंबापाशी बसलेली असते. आमचा पिवळाधमक लॉट असाच होता.

हे प्रकरण किती गंभीर आहे ते वाचायचं असेल तर १९७४चं बघा. गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा, लागून असलेले भाग, अवकाळी पावसात भिजलेला बुरशीचा मका लोकांनी खाल्ला कारण घरात दुसरं धान्य नव्हतं. दीडशेच्या वर गावं, ३९७ जण कावीळ होऊन आजारी, त्यातले १०६ गेले. गावातली कुत्रीसुद्धा तशीच मेली. भाजून-शिजवून हे विष जात नाही, भाकरीच्या तव्याचं तापमान त्याला काहीच नाही. भारतात अन्नधान्यासाठी एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाची, मर्यादा १५ पीपीबी आहे, म्हणजे एक किलोत १५ मायक्रोग्रॅम.

चमकतं ते काय

३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात फ्लेव्हस लागलेला दाणा काही ठिकाणी झगझगीत पोपटी-पिवळा चमकतो. ती चमक अफलाटॉक्सिनची नाही. ही बुरशी कोजिक ॲसिड नावाचा पदार्थ सोडते, जिवंत दाण्यातल्या पेरॉक्सिडेज एन्झाइमशी त्याची क्रिया होते आणि त्यातून हा चमकणारा पदार्थ बनतो. अफलाटॉक्सिन स्वतःही चमकतं म्हणा, बी प्रकारचं निळं, जी प्रकारचं हिरवं, ही नावंच त्या रंगांवरून पडली, पण ते दाण्यातून काढून शुद्ध केल्यावर. दाण्यात असताना ते इतकं कमी असतं की कोंबाच्या नैसर्गिक निळसर चमकेत हरवून जातं.

या एका माहितीतून तीन व्यवहारातल्या गोष्टी निघतात. एक, दाणा जिवंत असतानाच चमक तयार होते, म्हणजे शेतात किंवा मळणीनंतर लगेच लागण झालेली असेल तर दिसते, जुन्या मेलेल्या दाण्यावर गोदामात बुरशी वाढली तर विष असूनही चमक नसू शकते. दोन, उजेडात ठेवलं की चमक हळूहळू मरते, म्हणून नमुना काळ्या पिशवीत ठेवा आणि तपासणी काढणीनंतर लवकर करा, सहा महिन्यांनी नको. तीन, चमक दाण्याच्या आत असते, त्यामुळे अख्खा दाणा बघून उपयोग कमी, भरडा काढून बघायचा.

सामान

टॉर्च ३६५ नॅनोमीटरचीच घ्या. स्वस्तातल्या जांभळ्या दिसणाऱ्या बहुतेक टॉर्च ३९५च्या असतात, त्यात सगळा फोटो जांभळा होतो आणि काही कळत नाही. काच काळी असलेली, म्हणजे फिल्टर बसवलेली टॉर्च असेल तर उत्तम. आणल्यावर चाचणी सोपी आहे, अंधारात नोट धरा, नोटेचा कागद गडद राहिला पाहिजे आणि नंबर चमकले पाहिजेत, शेजारी साधा झेरॉक्सचा कागद धरला तर तो निळा पेटल्यासारखा दिसेल. अशा दोन टॉर्च लागतील.

त्या झेरॉक्सच्या कागदावरून लक्षात आलं असेल, दाण्याखाली पांढरा कागद चालणार नाही. कागदात आणि कपडे धुवायच्या पावडरीत चमक आणणारी रसायनं असतात. मी पहिल्या दिवशी धुतलेला पांढरा शर्ट घालून बसलो होतो आणि फोटोत प्रत्येक दाण्यावर निळी झाक, दीड तास डोकं खाजवलं. गडद जुना शर्ट घाला. सुताचे धागे, पोत्याचे तंतू हेही चमकतात.

पेटीसाठी टीव्हीचा किंवा कूलरचा खोका घ्या, आतून फळ्याला लावतात तो काळा रंग मारा, वर मोबाईलच्या कॅमेऱ्याएवढं भोक, दोन बाजूंना टॉर्चसाठी भोकं. ट्रेला तोच काळा रंग. स्टीलची पट्टी एक, ट्रेच्या कडेला कायम ठेवायची, मोजमापासाठी. काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर पिवळ्या हायलायटरचा ठिपका, हा प्रत्येक फोटोत एकाच कोपऱ्यात पाहिजे. याचं काम पुढे सांगतो. वजनकाटा, भरडा काढायला गिरणी, पोपटी चमक उठून दिसायला गणपतीच्या मखराला लावतो तसला पिवळा जिलेटिन कागद लेन्ससमोर धरायला. आणि एन-९५ मास्क, हातमोजे, अतिनील अडवणारा चष्मा. यात हयगय नको. भरडताना उडणारी भुकटी छातीत जाते आणि ३६५चा प्रकाश डोळ्याला जाणवत नाही म्हणून माणूस बघत बसतो. लेकरांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

नमुना, इथेच सगळे चुकतात

कॅमेरा कुठला घेऊ असं मला दहा जणांनी विचारलं, नमुना किती घेऊ असं एकानेही नाही. गणित बघा. मक्याचा एक दाणा साधारण ०.३ ग्रॅम, म्हणजे किलोत तीन हजारांच्या वर दाणे. त्यातल्या एकाच दाण्यात ५०,००० पीपीबी विष असेल, आणि खराब दाण्यात याहून जास्तही सापडतं, तर त्या दाण्यात १५ मायक्रोग्रॅम झालं. बाकीचे सगळे दाणे एकदम स्वच्छ धरले तरी त्या किलोची सरासरी १५ पीपीबी. एका दाण्याने किलो मर्यादेवर आणून ठेवला! म्हणून वरून ओंजळभर मका घेऊन फोटो काढला तर तो दाणा तुमच्या ओंजळीत येण्याची शक्यता किती, तुम्हीच सांगा.

ट्रॉली रिकामी होत असताना, मका धारेने पडत असतानाच दर थोड्या वेळाने मगाने थोडा थोडा घ्या, सुरुवातीचा, मधला, शेवटचा, असं करत ५ किलो जमवा. कट्ट्यांत असेल तर जमतील तितक्या कट्ट्यांत पोकळ टोकदार नळी खुपसून, वरच्या थराचा नको, कट्ट्याच्या पोटातला. मग पूर्ण ५ किलो भरडा, जाडसर, एका दाण्याचे चार-पाच तुकडे होतील इतपत, पीठ नको. गिरणी दोन लॉटच्या मधे झाडून घ्या आणि नव्या लॉटचा पहिला पाव किलो टाकून द्या, नाही तर मागच्या लॉटचे तुकडे पुढच्यात चमकतील आणि विनाकारण एखाद्या शेतकऱ्याचं नाव खराब होईल, गावात हे फार महागात पडतं.

भरडण्याआधी ओलावा मोजून लिहून ठेवा. १४ टक्क्यांच्या वर असेल तर फोटोबिटो नंतर, आधी वाळवा, कारण तुम्ही तपासत बसाल तोवर बुरशी वाढतेय.

फोटो

मोबाईल कुठलाही चालेल पण मॅन्युअल मोड पाहिजे, कंपनीच्या कॅमेऱ्यात प्रो मोड नसेल तर ओपन कॅमेरा नावाचं फुकट ॲप आहे. एआय, एचडीआर, नाइट मोड, ब्युटी, सगळं बंद. या मोडचं कामच असतं अंधारातलं उजळवून सगळं छान दाखवणं, आणि आपल्याला छान नकोय, प्रत्येक फोटो सारखा पाहिजे. मी आयएसओ ४००, शटर अर्धा सेकंद, व्हाइट बॅलन्स ५००० वर कायम, फोकस एकदा पट्टीवर लावून लॉक, असं वापरतो. तुमच्या टॉर्चप्रमाणे शटर कमी-जास्त होईल, पण एकदा ठरलं की ठरलं, त्या हंगामात हात लावायचा नाही. अर्ध्या सेकंदात हात हलतो म्हणून मोबाईल खोक्यावर ठेवून ३ सेकंदांचा टायमर लावा.

३० बाय ४० सेंटीमीटरच्या ट्रेमध्ये पाव किलोच्या आसपास भरडा एका थरात मावतो. दाण्यावर दाणा नको. म्हणजे ५ किलोला वीसेक फोटो, कंटाळवाणं आहे, घरातलं कुणी तरी मदतीला घ्या, मी ट्रे भरतो आणि मुलगी फोटो काढते (चष्मा, मास्क घालून, बारावीला आहे ती, लेकरू नाही). प्रत्येक ट्रेचे दोन फोटो, आधी साध्या पांढऱ्या एलईडीत, दिव्याला बटर पेपर लावून म्हणजे चकाकी येत नाही, मग ट्रे न हलवता दिवा बंद, दोन्ही टॉर्च तिरक्या, ४५ अंशांत, आणि दुसरा फोटो. टॉर्च फार वेळ चालू ठेवू नका, चमक त्यानेही कमी होते. फाइलचं नाव लगेच द्या, तारीख, लॉट, ट्रे नंबर. व्हॉट्सॲपवरून कॉम्प्युटरवर पाठवू नका, तिथे फोटो दाबला जातो आणि बारीक ठिपके जातात. केबल लावा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मोजणी

नुसतं बघूनही मोजता येतं, पण दहाव्या ट्रेनंतर डोळे दमतात आणि प्रत्येकाचं मोजणं वेगळं येतं. इमेजजे नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये तयार झालेलं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. फोटो उघडा, पट्टीवर रेघ ओढून सेट स्केलमध्ये मिलिमीटर भरा. मग इमेज, ॲडजस्ट, कलर थ्रेशोल्ड. तिथे ह्यू, म्हणजे रंगाची पट्टी, ० ते २५५ असते, पोपटी-पिवळा साधारण ४० ते ८० मध्ये येतो, सॅच्युरेशन आणि ब्राइटनेसची खालची बाजू वर ओढत न्या, जोवर हायलायटरचा ठिपका आणि खरे चमकणारे तुकडे तेवढेच निवडलेले राहतात. मग ॲनालाइझ पार्टिकल्स, अर्धा चौरस मिलिमीटरपेक्षा लहान ठिपके सोडून द्यायला सांगा, ते बहुतेक धूळ किंवा कॅमेऱ्याचा कचरा असतो. आकडा येईल, त्यातून हायलायटरचा एक वजा.

हायलायटर कशासाठी ते आता. समजा आजच्या फोटोत तो ठिपका कालच्यापेक्षा फिका आला, म्हणजे टॉर्चची बॅटरी उतरली किंवा सेटिंग हललं, मका बदललेला नाही. ठिपक्याचा ब्राइटनेस रोज लिहून ठेवा. पुठ्ठा अंधारात ठेवा, नाही तर तोच उडेल.

एवढं करून मशीनवर विसंबू नका, निवडलेला प्रत्येक तुकडा ट्रेमध्ये चिमट्याने उचलून बघा. निळसर-पांढरी चमक सोडून द्या, ती कोंब, साल, धागा यांची. खरी चमक काजव्यासारखी पोपटी असते, एकदा पाहिली की विसरत नाही. एक खात्रीचा खराब तुकडा काळ्या डबीत जपून ठेवा, शंका आली की शेजारी धरायला.

आकड्याचं काय करायचं

इंटरनेटवर इतके ठिपके म्हणजे इतके पीपीबी असे तक्ते मिळतील, ते दुसऱ्याच्या मक्याचे, दुसऱ्याच्या पेटीचे. आपला तक्ता आपणच करायचा. पहिल्या हंगामात पंधरा-वीस लॉट घ्या, किलोमागे किती चमकणारे तुकडे ते लिहा, आणि त्याच भरड्याचा नमुना एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवा, शून्य चमक आलेले लॉटही पाठवा, तिथे कंजूषपणा केला तर सुटलेले लॉट कधी कळणारच नाहीत. पाठवताना भरडा आधी बारीक दळा, नीट कालवा, ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन घ्या, पुन्हा तसंच, हवं तेवढं वजन होईपर्यंत. अख्खे दाणे वाटून पाठवले की तो एक खराब दाणा कुठल्या भागात गेला हे नशिबावर. गटाकडे पैसे असतील तर स्ट्रिप टेस्ट ठेवा, प्रेग्नन्सी टेस्टसारखी पट्टी असते, अर्ध्या तासात हो की नाही कळतं.

माझा नियम असा: चमक सापडली, मग ती एक असली तरी, त्या लॉटची स्ट्रिप केल्याशिवाय माल हलत नाही. चमक नाही पण मका पावसात सापडलेला, अळी लागलेला किंवा दुष्काळात करपलेला आहे, तरीही स्ट्रिप. दाणे भरायच्या वेळी पाण्याचा ताण आणि उष्णता असली की फ्लेव्हसचं फावतं, म्हणून कोरड्या वर्षी गाफील राहू नका.

लॉट नापास झाला तर चांगल्या मालात थोडा थोडा मिसळून खपवायचं बरेच जण सुचवतील. नका करू. सरासरी खाली येते पण तो दाणा कुणाच्या तरी ताटात किंवा गव्हाणीत जातोच. त्याऐवजी माल वाळवून चाळा, फुटके, हलके, किडलेले दाणे काढा, ग्रॅव्हिटी सेपरेटरवर, म्हणजे हलके-जड दाणे वेगळे करणाऱ्या यंत्रावर, मिळाली सोय तर बघा, विष जास्त करून याच दाण्यांत साठलेलं असतं. मग पुन्हा ५ किलो, पुन्हा पेटी, पुन्हा स्ट्रिप. काढलेला गाळ गाईला घालू नका हं! गाईच्या पोटात अफलाटॉक्सिन बी-१ जातं आणि दुधात त्याचंच दुसरं रूप, एम-१, होऊन येतं. एफएसएसएआयने २०१८मध्ये देशभर दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, त्यातले ५.७ टक्के एम-१च्या मर्यादेच्या वर निघाले, आणि दुधासाठीची मर्यादा फक्त ०.५ पीपीबी आहे. कोंबड्यांना तर अजिबात नको. १९६०मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले ते बुरशीच्या भुईमूग पेंडीने, त्यातूनच तर या विषाचा शोध लागला.

एआयचं विचारणाऱ्यांसाठी

दाण्यांचे फोटो देऊन स्वतःचं मॉडेल शिकवता येतं, गूगलच्या टीचेबल मशीनवर कोडिंगही लागत नाही. पण दोन खड्डे आहेत. हजार दाण्यांत दहा खराब असतील तर सगळ्यांना चांगलं म्हणणारं मॉडेलही ९९ टक्के बरोबर ठरतं, म्हणून टक्के विचारू नका, दहापैकी किती पकडले ते विचारा. आणि एकाच लॉटचे काही फोटो शिकवायला, काही परीक्षेला असं केलं की ते मॉडेल बुरशी न शिकता त्या दिवशीचा उजेड पाठ करतं. परीक्षेचे लॉट पूर्ण वेगळे ठेवा. चांगला-वाईट हे लेबलही डोळ्याने नको, तपासणीच्या निकालावरून द्या, नाही तर आपलीच चूक मशीनला शिकवली.

कारखान्यांत यापुढची यंत्रं आहेत. अमेरिकेत २००४मध्ये ७५० आणि १२०० नॅनोमीटर अशा दोनच तरंगलांबींवर मका निवडून अफलाटॉक्सिन आणि फ्युमोनिसिन दोन्ही बरेच कमी करून दाखवले होते. बुलर कंपनीचं लुमोव्हिजन २०१८मध्ये आलं, ते आपल्यासारखंच अतिनील चमक बघतं, फक्त दाणा पडता पडता, आणि हवेच्या फुंकरीने खराब दाणा उडवतं. किमती आपल्या गटाच्या आवाक्यातल्या नाहीत.

ज्वारी आणि भुईमूग

ही पेटी मक्यासाठी. खरीप ज्वारी पावसात काळी पडते ती बहुतेक कर्व्ह्युलॅरिया आणि फ्युजॅरियममुळे, तिथे पोपटी चमक शोधून उपयोग नाही. पांढऱ्या एलईडीतला पहिला फोटो मात्र कामाचा, त्यात काळ्या आणि गुलाबी दाण्यांचं प्रमाण वेगवेगळं मोजा, कारण विषाच्या बाजूने काळ्यापेक्षा गुलाबी जास्त संशयित. १९९५मध्ये दख्खनच्या पठारावर कर्नाटक-आंध्रकडच्या गावांत भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी-जुलाब झाले, त्यामागे फ्युमोनिसिन होतं. रब्बीची मालदांडी कोरड्यात पिकते म्हणून यातून बऱ्यापैकी सुटते. भुईमुगात दाण्याची साल आणि तेल घोटाळा करतात, तिथे पेटीच्या नादाला न लागता सुरकुतलेले, रंग उडालेले दाणे हाताने निवडा आणि थेट स्ट्रिप करा.

खोका पावसाळ्यात माळ्यावर ठेवू नका, पुठ्ठ्यालाच बुरशी लागते, आमच्या पहिल्याला लागली होती. आता प्लायवूडचा केलाय.